नेरूळच्या फलाटावर परीक्षा घेणाऱ्या गृहस्थांस

महोदय,

पत्राच्या सुरुवातीला सा. न. वि. वि. लिहायची आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. ते मी लिहिलेलं नाही.

तुमचं नाव मला माहीत नाही, म्हणून खूण सांगते. २१ जानेवारी २०२५, मंगळवारची रात्र. डी. वाय. पाटील स्टेडियममधून कोल्डप्लेचा कार्यक्रम ऐकून निघालेली गर्दी नेरूळच्या फलाटावर दाटली होती. सगळे हार्बरच्या गाडीची वाट बघत होते. तुम्ही चाळिशी ओलांडलेले, अंगात बँडच्या जुन्या दौऱ्याचा, धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट, बरोबर दोन मित्र. तुमच्या बाजूला खांबाला टेकून एक सतरा वर्षांची मुलगी गुणगुणत उभी होती, मधूनच डोळे पुसत होती. ती माझी भाची.

तुम्ही तिला विचारलंत, ‘‘पहिलीच वेळ का?’’ ती हसून हो म्हणाली. आपल्यासारखंच भारावलेलं कुणीतरी बोलतंय, असं तिला वाटलं असणार. मग तुमचा दुसरा प्रश्न आला. ‘‘पहिल्या अल्बममधली पाच गाणी सांग बघू.’’ तिने दोन सांगितली. तिसरं सांगितलं ते दुसऱ्याच अल्बममधलं निघालं. तुम्ही मित्रांकडे वळलात आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालात, ‘‘रील फॅन. हे असले लोक येतात, म्हणून आपल्याला तिकिटं मिळत नाहीत.’’ वर हेही ऐकवलंत, की २०१६ साली बीकेसीला याच बँडच्या कार्यक्रमाला तुम्ही होतात आणि तेव्हा आलेले लोक खरे होते. तुम्ही तिघंही हसलात.

मी दोन पावलांवर होते. तोंड उघडायच्या आत गाडी आली आणि लोंढ्याने आपल्याला वेगवेगळ्या डब्यांत ढकललं. तेव्हा राहिलेलं बोलणं आता चारचौघांत बोलते आहे. तुम्ही तिला चारचौघांतच खाली बघायला लावलंत.

पुढचं तुम्ही पाहिलं नाही. वाशीच्या खाडीवर गाडी आली तोवर तिचं गुणगुणणं थांबलं होतं. तिने फोन काढला आणि त्या संध्याकाळी घेतलेले व्हिडिओ एकेक करून पुसून टाकले. मी हात धरला तर म्हणाली, ‘‘मावशी, मला कुठे काय कळतं त्यातलं.’’ घरी तिच्या आईने विचारलं, कसा झाला कार्यक्रम? ‘‘ठीक होता.’’ अडीच तास जी मुलगी जागेवर बसली नव्हती, तिचं हे उत्तर. ते तुमच्या हातचं आहे.

तुम्ही ज्या अल्बमवर तिला तपासलंत, तो ‘पॅराशूट्स’ जुलै २००० मध्ये आला. तेव्हा तिच्या आईवडिलांचं लग्नही झालं नव्हतं. तिने या बँडचं गाणं उलट्या दिशेने ऐकलं आहे. आधी अलीकडचं, मग मागे मागे जात, कधी शाळेच्या बसमध्ये मैत्रिणीच्या एका कानातल्या इअरफोनवर, कधी दहावीच्या अभ्यासाच्या रात्री. कोणतं गाणं कोणत्या अल्बममधलं, हे तिला सांगता येत नाही. कोणत्या गाण्यात ढोल कुठे येतो आणि कुठे मुद्दाम थांबतो, हे मात्र ती टेबलावर बोटांनी वाजवून दाखवते. तुम्ही ते विचारलं नाहीत. तुम्ही यादी विचारलीत.

तिकिटाचंही सांगते. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारचे बारा. आमच्या घरी चार फोन आणि एक लॅपटॉप मांडून सगळे बसले होते. संकेतस्थळ कोलमडलं, पुन्हा सुरू झालं, आमचा क्रमांक लाखांच्या घरात गेला. १८ आणि १९ जानेवारीचे कार्यक्रम हातचे गेले. त्याच दिवशी तिसरा जाहीर झाला आणि त्यातली सगळ्यात वरच्या सज्जातली दोन तिकिटं मिळाली, अडीच हजारांची. बारावीची परीक्षा कार्यक्रमानंतर बरोबर तीन आठवड्यांवर होती, म्हणून तिने डिसेंबरात अभ्यासक्रम संपवून दाखवायचा शब्द दिला होता आणि तो पाळला. तिकिटं मिळाली नाहीत याचा राग तुम्हाला आहे ना? मलाही आहे. हजारोंचं तिकीट लाखांत विकायला बसलेले काळाबाजारवाले साऱ्या देशाने पाहिले, पोलीस चौकशीपर्यंत गोष्ट गेली. त्यांच्यासमोर तुमचा आवाज चढला असता तर मी शेजारी उभी राहिले असते. तुम्हाला सापडली ती खांबाला टेकलेली एक पोरगी.

आता तुमच्या परीक्षेकडे येते, कारण ती परीक्षाच मला खोटी वाटते.

कुमार गंधर्वांचा लता मंगेशकरांवर एक लेख आहे. त्यातला एक प्रसंग असा. कुमारजी आजारी होते. सहज रेडिओ लावला आणि एक विलक्षण स्वर कानावर पडला. तो थेट काळजाला जाऊन भिडला. तल्लीन होऊन ते ऐकत राहिले. गाणं संपल्यावर गायिकेचं नाव जाहीर झालं तेव्हा त्यांना कळलं, की ही लता, दीनानाथांची मुलगी. महोदय, हा क्रम नीट बघा. आधी स्वर, मग तल्लीन होणं, आणि नाव सर्वांत शेवटी. त्या घटकेला तुम्ही कुमारांच्या उशाशी उभे असतात आणि या बाईंची पाच गाणी सांगा म्हणाला असतात, तर कुमार गंधर्वांना एकही सांगता आलं नसतं. त्यांना तुम्ही नापास केलं असतं.

त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे आणि ती शास्त्रीय संगीताच्या ऐन गाभाऱ्यात बसलेल्या माणसाने लिहिली, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. चित्रपटसंगीताने लोकांचे कान बिघडवले, अशी तक्रार तेव्हा मोठे मोठे लोक करत. कुमारांनी ती साफ नाकारली. उलट या संगीताने सामान्य माणसाचे कान सुधारले, असं त्यांचं म्हणणं. गाण्यात गाणेपण आहे की नाही, एवढंच ते बघत होते. तीन मिनिटांचं गाणं आणि तीन तासांची मैफल यांच्यात त्यांनी लहानमोठं मानलं नाही. ज्याच्याकडे खरोखर अपार ज्ञान होतं, त्याने दार एवढं मोकळं ठेवलं होतं.

तुम्ही म्हणाल, कुमारांचा कान आणि या पोरीचा कान एक कसा? नाही, एक नाही. पण कान तयार होतो तो ऐकून. आधी उत्तरं पाठ करा, मग ऐकायला बसा, असा नियम पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात कुणी लावला असता, तर १९५३ पासून आजवर त्या मांडवात किती माणसं बसली असती? तिथे सतरंजीवर बसून, राग न ओळखताही मान डोलावणाऱ्या हजारो लोकांच्या जिवावर तो उत्सव उभा राहिला आहे. आमच्या वडिलांना अखेरपर्यंत मारवा आणि पूरिया वेगळे ओळखता आले नाहीत. मारवा ऐकताना मात्र ते दिवा लावू देत नसत.

माझ्या आयुष्यात एक जाणकार येऊन गेला आहे. त्याच्याबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं.

१ नोव्हेंबर १९९६. मायकल जॅक्सनचा भारतातला एकमेव कार्यक्रम, अंधेरीच्या क्रीडा संकुलात. शिव उद्योग सेनेने तो भरवला होता. सरकारने करमणूक कर माफ केला, त्यावरून ग्राहक संघटना न्यायालयात गेली, आणि आमच्या पार्ल्याच्या घरात रोज रात्री जेवताना या करमाफीवर भांडण होई. मी एकवीस वर्षांची होते. तिकीट घेण्याएवढे पैसे नव्हते. मी आणि माझा भाऊ चालत वीरा देसाई रस्त्यावर गेलो आणि भिंतीबाहेर उभे राहिलो. आमच्यासारखे पुष्कळ होते. दिसत काहीच नव्हतं. आकाशात प्रकाश उसळायचा, आतून आरोळ्या यायच्या, आणि त्या भिंतीवरून जो ठेका येत होता तो छातीच्या पिंजऱ्यात वाजायचा. मला त्याची ‘थ्रिलर’मधली गाणी तेवढी ठाऊक होती. मी शेजारच्या अनोळखी मुलाला विचारलं, हे कोणतं?

त्याने नाव सांगितलं. पुढचं सुरू झालं, त्याचंही सांगितलं. मग मी विचारायच्या आधीच सांगायला लागला. कोणत्या साली आलं, त्यात गिटार कुणी वाजवली, नाचताना तो कुठे थबकतो. भिंतीपलीकडचं जणू त्याला दिसत होतं आणि ते मलाही दिसावं अशी त्याची धडपड होती. कार्यक्रम संपल्यावर त्याने खिशातून बेस्टचं तिकीट काढलं आणि त्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहून दिलं: ऑफ द वॉल, १९७९. म्हणाला, थ्रिलर सगळ्यांकडे असतं, आधी हे ऐक. पुढच्या महिन्यात शिकवणीचे पैसे आले, तेव्हा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून मी ती कॅसेट घेतली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. तिकीट माझ्याकडे आहे, अक्षरं पुसट झाली आहेत.

त्या मुलाला तुमच्याहून कमी माहिती नव्हती. त्याने ती माझ्या हातात दिली. तुम्ही तीच माहिती दंडुक्यासारखी धरून दारात उभे राहिलात. आणि बाहेरच्या रस्त्यावर उभं राहून ऐकलेलं तुमच्या हिशेबी धरायचं की नाही, ते मला माहीत नाही. मी ते १९९६ पासून धरते आहे.

तुमच्या आधीही पुष्कळ परीक्षक होऊन गेले. १९६४ साली ‘न्यू स्टेट्समन’ या ब्रिटिश साप्ताहिकात पॉल जॉन्सन यांनी बीटल्ससाठी किंचाळणाऱ्या पोरींवर लेख लिहिला आणि त्यांना मंद, आळशी, आयुष्यात नापास झालेल्या ठरवलं. त्या पोरींना स्वरज्ञान नव्हतं, हे खरंच असेल. पण त्या चौघांमध्ये काय आहे, हे त्यांना त्या लेखकाच्या पुष्कळ आधी कळलं होतं. त्या लेखाच्या दोन वर्षं आधी, १९६२ मध्ये, डेक्का कंपनीतल्या जाणत्या लोकांनी चाचणी घेऊन बीटल्सना परत पाठवलं होतं.

त्या लेखानंतर दोन वर्षांनी मँचेस्टर. १७ मे १९६६, फ्री ट्रेड हॉल. बॉब डिलनने साध्या गिटारीऐवजी विजेची गिटार हातात घेतली म्हणून प्रेक्षकांतून एक जण ‘जुडास’ असं ओरडला. जुडास म्हणजे ख्रिस्ताला दगा देणारा शिष्य. ओरडणाऱ्याला डिलनची पाच काय, पन्नास गाणी पाठ असतील. तुमच्या परीक्षेत तो पहिला आला असता. आणि समोर जे नवं घडत होतं ते त्याला ऐकू आलं नाही. त्या रात्रीचं चोरटं ध्वनिमुद्रण पुढे वर्षानुवर्षं हातोहात फिरलं, तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधलं म्हणून. दर्दी मंडळींच्या पक्क्या माहितीत शहरच चुकलेलं होतं.

शिकागोचं आठवलं की मात्र माझा जीव गोळा होतो. १२ जुलै १९७९, कोमिस्की पार्क हे बेसबॉलचं मैदान. रॉकच्या ‘खऱ्या’ चाहत्यांसाठी एक बेत ठरला. डिस्कोची रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटात आत या. जमलेल्या रेकॉर्डी पेटीत भरून मैदानाच्या मधोमध स्फोटाने उडवल्या. लोक मैदानात घुसले, नासधूस झाली, त्या रात्रीचा दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को हे कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी तरुणांनी आपल्या नाचघरांत वाढवलेलं संगीत होतं. त्या रात्री मैदानावर काम करणारा कृष्णवर्णीय तरुण व्हिन्स लॉरेन्स याने पुढे सांगितलं, की लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींत कितीतरी डिस्को नव्हत्याच, नुसत्या कृष्णवर्णीय गायकांच्या होत्या. तुम्ही नेरूळला काही जाळलं नाहीत, एवढा फरक मला कळतो. पण ‘हे आमच्यातले नव्हेत’ हे वाक्य तुमच्या तोंडीही तेच होतं. लॉरेन्सने पुढे त्याच शहरात हाऊस संगीताच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डींपैकी एक केली. जगभर आज लोक त्यावर नाचतात.

आपल्या जवळचं बोलायचं तर १९८० च्या मार्चमध्ये पोलीस हा बँड मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात वाजवून गेला. टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या पारशी बायकांनी मदतनिधीसाठी तो कार्यक्रम घडवून आणला होता. बँडचे तोवर दोनच अल्बम आले होते. त्या गर्दीत पाच गाणी सांगणारे किती निघाले असते? आणि १३ जुलै १९८५ ला वेम्बलीत, पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला फारूख बलसारा फ्रेडी मर्क्युरी म्हणून मंचावर आला, तेव्हा समोरचा जमाव त्याच्या एकट्या क्वीन बँडसाठी जमलेला नव्हता. कार्यक्रम डझनावारी कलाकारांचा होता. वीस मिनिटांत त्या साऱ्या मैदानाचे हात एका लयीत डोक्यावर गेले. थेट कार्यक्रमाची सगळी ताकद यातच आहे. ज्याला काही माहीत नाही, तोही त्यात ओढला जातो. हे तुम्हाला खुपत असेल, तर तुम्ही घरी हेडफोन लावून बसा. तिथे तुमच्याशिवाय कुणी नसेल.

वरच्या सज्जातून काय दिसतं, तेही तुम्हाला सांगते. तुम्ही खाली उभ्यांच्या गर्दीत असणार. एका गाण्याला सगळ्यांच्या मनगटावरचे दिव्यांचे पट्टे एकदम पिवळे झाले तेव्हा आम्हाला स्टेडियमचा तो सगळा प्याला काठोकाठ भरलेला दिसला. त्यात तुमचाही पट्टा होता आणि भाचीचाही. कुठला कुणाचा, ते वरून कळत नव्हतं. ती माझा दंड घट्ट धरून रडत होती. वडील जाऊन तिला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ते गाणं ती त्यांच्या स्कूटरवर मागे बसून ऐकायची. अल्बमचं नाव त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. सांगायला वेळ आहे असं वाटलं असेल.

हे तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं, मान्य. म्हणूनच तर अनोळखी माणसाच्या रडण्याची परीक्षा घ्यायची नसते.

आता माझं मागणं. क्षमा नको, ती फलाटावर मिळाली असती तर उपयोगाची होती. ती मुलगी अजून नेरूळला येते-जाते, तिचं महाविद्यालय तिकडेच आहे. कधी दिसली आणि तुम्ही ओळखलंत, तर तिला १९ नोव्हेंबर २०१६ ची संध्याकाळ सांगा. ती तेव्हा आठ वर्षांची होती. नोटाबंदीला अकराच दिवस झाले होते. बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानात शिरताना तुमच्या खिशात चालतील असे किती पैसे होते? पाण्याची बाटली कशी घेतलीत, की तशीच तहान काढलीत? ए. आर. रहमान मंचावर आले तेव्हा तुमच्या आजूबाजूच्यांचं काय झालं? मैदानात धूळ होती का, घरी कसे पोचलात, कुणाबरोबर होतात, आणि दुसऱ्या दिवशी घसा बसला होता का?

हे सगळं तुमच्याकडे आहे. तिच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. मीही ऐकायला येईन.

आपली,
त्या मुलीची मावशी